अंदाजाला वजन द्या, मेहनतीला दाम

माझा धंदा कापडाचा. आज मात्र लिहायचे आहे ते चुलीबद्दल. वाचक म्हणतील, कापडवाल्याला हे काय सुचले? पण ज्यांनी दुकानाच्या गादीवर तीस वर्षे काढली आहेत त्यांना ठाऊक आहे की बायका कापड पाहायला येतात तेव्हा निम्मा वेळ बोलणे स्वयंपाकाचेच चालते. लग्नसराई असो की रमजानच्या आधीची खरेदी, इकडे ठाण उलगडायचे आणि तिकडे नान-खलियाची चर्चा सुरू व्हायची.

आमचे गाव औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. इथे खलियावर जितकी मते तितकी घरे. एक खाला म्हणते, खोबरे आणि खसखस भाजून वाटली पाहिजे, शेंगदाणा घातला की तो खलिया राहत नाही, सालन होते. दुसरी म्हणते, आमच्या सासूबाई शेंगदाणा घालत आणि वरती तर्री अशी यायची की बघत राहावे. खिचडीबरोबरच्या खट्ट्यावरून तर दोन सख्ख्या बहिणी माझ्या दुकानात रुसल्या. एकीचे तीळ भाजलेले, दुसरीचे कच्चे. चिंच किती, हा वाद वेगळाच. पण भांडण झाले तरी निघताना एक दुसरीला सगळी कृती सांगून जाते, काही लपवून ठेवत नाही. आम्ही व्यापारी आपला माल कुठून आणतो हे सख्ख्या भावालाही सांगत नाही. या बाबतीत आमच्या आयाबहिणी आमच्यापेक्षा मोठ्या मनाच्या आहेत, हे कबूल केले पाहिजे.

मात्र त्या कृतीत एक गोष्ट कधीच सापडत नाही, ती म्हणजे माप. मीठ किती? अंदाज से. पाणी किती? अंदाज से. कधी उतरवायचे? वास आला की. माझ्या दुकानात एखाद्या नोकराने अंदाजाने कापड फाडले तर संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी राहणार नाही. मग ज्या कामावर घराची चव आणि आता कित्येक घरांची कमाईही अवलंबून आहे, ते काम अंदाजावर का?

हा प्रश्न मला दोन गोष्टींनी शिकवला. पहिली आमच्याच धंद्यातली. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. त्या लवाजम्याबरोबर हिमरूचे विणकर आले आणि नान-खलियाही आला, असे आमच्याकडे जुने लोक सांगतात. हिमरूची नक्षी जुन्या पद्धतीत जाळ्याच्या दोऱ्यांत बांधलेली असे आणि ती बांधण्याची अक्कल उस्तादाच्या डोक्यात. काही वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आजीची जुनी शाल घेऊन आले. म्हणाले, अशीच विणून द्या, पैशाची काळजी करू नका. मी चार ठिकाणी फिरलो. हातमागावर हिमरू विणणारी घरे आता बोटावर मोजण्याइतकी. शाल पाहून सगळ्यांनी वाहवा केली, पण ती नक्षी बांधायला कोणी तयार झाले नाही. गिऱ्हाईक उभे होते, पैसा होता, पण हुन्नर कबरीत गेला होता.

नान-खलियाचे असे होणार नाही असे आपण समजतो, कारण लग्नात देग चढतेच. पण देग बावर्चीची. घरच्या हंडीतला खलिया वेगळा आणि तो घरोघरी वेगळा. माझ्या अम्मीच्या हातचा आता कुणालाच येत नाही. तिने सुनांना सांगितले होते सगळे, पण अंदाजानेच. तिचा अंदाज तिच्या हाताबरोबर गेला.

असे नव्हे की आपल्याकडे लिहिण्याची रीत नव्हती. माळव्याच्या सुलतान गियासशाहाच्या दरबारात पंधराव्या शतकात ‘निअमतनामा’ तयार झाला, त्यात समोशापासून सगळे फारसीत लिहिलेले आहे आणि सोबत चित्रेही आहेत. बादशहाच्या चुलीला लिहिणारे मुन्शी मिळाले, गरिबाच्या चुलीला मिळाले नाहीत, एवढाच फरक. मराठीत कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले. त्यांनी वाटी-चमच्याचे माप दिले आणि नवख्या मुलींनाही रांधता येऊ लागले. मापाने चव मरते म्हणणाऱ्यांनी त्या पुस्तकावर शिकलेल्या घरी एकदा जेवून यावे.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती सांगताना मला थोडी शरम वाटते. माझी बेवा बहीण आणि तिच्या दोन मुली २०१८ च्या रमजानमध्ये एका दुकानाला खिम्याचे छोटे समोसे देत होत्या. आपा खुश होती. मी एक दिवस सहज हिशेब विचारला, तर म्हणाली, सामानाचे पैसे निघून वर उरतात. व्यापाऱ्याची सवय, कागद घेतला. शंभर समोशांना चिकनचा खिमा २२० रुपये, मैदा ३०, कांदा २०, मसाला आणि कोथिंबीर ५०, तेल ८०, गॅस ४०. झाले ४४० रुपये. दुकानदार देत होता नगाला ७ रुपये, पण रोज पाच-सहा नग फुटले म्हणून परत करी. ९४ नगांचे ६५८ रुपये. उरले २१८. तिघी चार-चार तास बसत, म्हणजे बारा तास. ताशी अठरा रुपये! तेही रोख नाही, ईदनंतर. तोच समोसा काउंटरवर १५ रुपयांना जात होता.

दुकानदाराला मी दोष देऊ शकतो, आणि उधारीबद्दल देतोही. पण भाव त्याने ठरवला नव्हता, आपाने सांगितला होता. तिने स्वतःची मेहनत हिशेबात धरलीच नव्हती. आणि ती कशी धरणार? आम्ही पुरुषांनी कधी धरली? सुरतेचे व्यापारी आले की मी घरी निरोप पाठवतो, आठ माणसांचे जेवण पाठवा. डबा येतो, व्यापारी बोटे चाटतात, सौदा होतो. माझ्या वहीत चहाचा खर्च लिहिलेला आहे, त्या डब्याचा कधी लिहिला नाही. घरचेच आहे म्हणून.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. शेजारणीला, नातेवाइकाला कृती खुशाल सांगा, वाटीभर खट्टा भिंतीवरून द्या, त्यातच बरकत आहे. पण ज्या दिवशी पदार्थ विकायला ठेवला त्या दिवसापासून तो माल आहे, आणि मालाला वजन, भाव आणि वही लागते.

काम अवघड नाही. एक छोटा वजनकाटा घ्या. नेहमीच्या अंदाजानेच टाका, फक्त हंडीत टाकण्याआधी काट्यावर ठेवून लिहून घ्या. तीन वेळा असे केले की तुमचा अंदाज किती ग्रॅमचा आहे ते तुम्हालाच कळेल. लिहायला उर्दू, मराठी, जी येते ती लिपी चालेल. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो, मराठी गिऱ्हाइकांकडून शिकलो, दोन्हीत हिशेब सारखाच लागतो. सामानाखाली तास लिहा, तासाला मजुरी लावा, मग भाव सांगा. मोठ्या ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ घ्या. अन्न सुरक्षेच्या २००६ च्या कायद्याखाली घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. छोट्या धंद्याला ती सोपी आहे, घरातल्या शिकलेल्या मुलाने बसून करून द्यावी. नोंदणीचा क्रमांक पाकिटावर असला की दुकानदार बोलतानाही नीट बोलतो.

मुंबईत गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याची पुढे लिज्जत झाली. तिथे पीठ एका ठिकाणी, एका मापाने मळले जाते, बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि लाटण्याचे दाम घेतात. हजारो हात असूनही पापड एकच, आणि कुणाची मेहनत फुकट नाही. आपल्या मोहल्ल्यात पाच घरे समोशाची पट्टी लाटतात, पाचही एकमेकींपेक्षा पन्नास पैसे कमी भाव सांगतात. त्या एकत्र बसून एक माप आणि एक भाव का ठरवत नाहीत?

काही जण म्हणतील, लिहिले की कृती चोरीला जाईल. जाईल, कदाचित. माझ्या डिझाइनची नक्कल पुढच्या हंगामात शेजारच्या दुकानात लागते, तरी माझे गिऱ्हाईक माझ्याकडेच येते. चोरीला गेलेली कृती निदान कुठेतरी जिवंत राहते. न लिहिलेली मरते.

आपाने पुढच्या रमजानला भाव ११ रुपये सांगितला आणि परतीचा माल घेणार नाही म्हणाली. त्या दुकानदाराने नकार दिला. आठ दिवसांनी दुसरा आला, त्याने १० ला घेतले, रोज संध्याकाळी रोख. तिच्या वहीत आता बावीस पदार्थ आहेत, ग्रॅमसकट. अम्मीचा खलिया त्यात नाही. तिसऱ्यांदा जमवायचा प्रयत्न चालू आहे, खोबऱ्यावर अडले आहे.