अचूकपणा ही चैन नव्हे

कर्करोगावरील अद्ययावत किरणोपचाराचा विषय निघाला की आपल्यापैकी काही कार्यकर्ते तो श्रीमंतांचा चोचला म्हणून बाजूला सारतात. गरिबाला साधा दवाखाना मिळत नाही, तेथे मिलिमीटरचा हिशेब कशाला, असा त्यांचा सवाल असतो. सवाल प्रामाणिक आहे. त्यामागील अर्थशास्त्र मात्र चुकीचे आहे.

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या खाली व गुदाशयाच्या पुढे असते. मूत्राशय किती भरले, गुदाशयात वायू किती साचला, यानुसार ती काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटरभरही सरकते. काल आखलेल्या जागी आज किरण सोडले तर रोगाचा काही भाग सुटतो आणि निरोगी गुदाशयाला इजा होते. आता रोज प्रतिमा घेऊन नेम दुरुस्त करता येतो. अनुकूली पद्धतीत तर त्या दिवशीची शरीररचना पाहून आराखडाच नव्याने आखतात.

याचा श्रमिकाशी संबंध काय? ब्रिटनमध्ये ३,००० हून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीने २०१६ साली दाखवून दिले की, २० मात्रांचा उपचार ३७ मात्रांच्या उपचाराहून उणा नाही. रोग ग्रंथीपुरता मर्यादित असेल तर ५ मात्राही पुरतात, हे २०२४ साली दुसऱ्या चाचणीने सिद्ध केले. टाटा स्मारक रुग्णालयानेही अधिक जोखमीच्या रुग्णांसाठी ५ विरुद्ध २५ मात्रांची चाचणी हाती घेतली. परंतु ३७ पैकी एक नेम चुकला तर सदतिसावा हिस्सा वाया जातो. पाचांपैकी एक चुकला तर पाचवा. दिवस कमी करावयाचे तर अचूकपणा वाढवलाच पाहिजे.

आता तारापूर औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराचा विचार करा. बोईसरहून परळ सुमारे शंभर किलोमीटर. ३७ मात्रा म्हणजे ३७ खाडे, आणि सोबत येणाऱ्या मुलाचेही तितकेच. शिवाय उपचाराच्या वेळी मूत्राशय ठरावीक प्रमाणात भरलेले हवे. गर्दीच्या लोकलमधून उतरलेल्या वृद्धाने हे रोज कसे साधावे? ग्रंथी किती सरकते याचा हिशेब शास्त्राने मांडला. रुग्णाला किती फिरावे लागते याचा हिशेब शासनाने मांडलेला नाही.

१९६९ साली तारापूरला अणुवीज निर्माण होऊ लागली. पुढे तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना घरे सोडावी लागली. देशाच्या विजेसाठी अणुशास्त्र या किनाऱ्यावर येऊ शकते, तर येथील माणसाच्या उपचारासाठी का येऊ नये?

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी : पालघरला रोजच्या प्रतिमांची सोय असलेले सार्वजनिक, मोफत किरणोपचार केंद्र, तेथे कायम नेमणुकीचे पदार्थवैज्ञानिक व तंत्रज्ञ, आणि कंत्राटी कामगाराला उपचारकाळात पगारी रजा. साधा दवाखाना हवाच. पण तेवढ्यावर समाधान मानणे म्हणजे गरिबाच्या शरीराला ढोबळ उपचार चालतात, हे मान्य करणे होय.