कॉफीची बी बर्डीत का येत नाही?

बर्डीचा बाजार / बर्डीकर

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर सुटी चहापत्ती घ्यायला उभे राहा. दुकानदार बागेचे नाव सांगत नाही, विचारतो, ‘घरची का ठेल्याची?’ घरची म्हटले की त्याचा हात दाणेदार पत्तीच्या डब्यात जातो, ठेल्याची म्हटले की बारीक डस्टच्या. मागच्या आठवड्यात मी त्याला विचारले, कोणती पत्ती कोणात किती मिसळायची हे तुम्ही ठरवता कशावरून? तो म्हणाला, ‘लोकं पत्ती उकळवते भाऊ, भिजवत नाही. रंग पायजे, कडक पायजे. वास कोण पायते?’

त्याला दोष देण्यासारखे काही नाही. दूध, साखर, आले आणि वर सात-आठ मिनिटांची खळखळ उकळी सोसून जी पत्ती रंग देते, तीच इथे खपते. अशी पत्ती सीटीसी यंत्रातून निघते. विल्यम मॅकर्चर नावाच्या व्यवस्थापकाने १९३० च्या सुमारास आसामच्या अमगुरी मळ्यात हे यंत्र उभे केले. दातेरी रुळांमध्ये पान चिरडायचे, फाडायचे, वळायचे. मग त्याची दाणेदार गोळी होते आणि ती उकळत्या पाण्यात झपाट्याने उतरते. आपल्याला ‘आपला’ वाटणारा चहा या यंत्राच्या वयाचा आहे, त्याहून जुना नाही.

हे काम मात्र बर्डीत होऊ शकत नाही. खुडलेले पान थांबत नाही. ते सुकवणे, चिरडणे, हवेवर ठेवून तांबूस होऊ देणे आणि भट्टीत कोरडे करणे, हे सगळे तास मोजून उरकावे लागते. शंभर किलो हिरव्या पानांचा जेमतेम बावीस-तेवीस किलो चहा होतो, म्हणजे बाकीचे सगळे पाणी. ते वाहून कोण नेणार? म्हणून चहाचा कारखाना मळ्यातच असतो. तिथून माल कोलकाता, गुवाहाटी, सिलिगुडीच्या लिलावात जातो आणि व्यापाऱ्यांच्या हातून आपल्या इतवारीत पोहोचतो. नागपूरच्या वाट्याला उरते ते मिश्रण आणि पाकीट. त्यातही कसब आहे, हे मान्य. पेंच आणि कन्हानच्या पाण्यात, इथल्या दुधात कोणती पत्ती कशी उतरते हे जिभेने ओळखणारे लोक या धंद्यात आहेत.

(आपल्या शहराचा एक चहावाला २०२४ च्या फेब्रुवारीत बिल गेट्सबरोबरच्या व्हिडिओमुळे जगभर गाजला. त्याची गाडी सदरची, व्हिडिओ हैदराबादचा. त्यानंतर महिनाभर चहा उंचावरून ओतण्याची चर्चा चालली. पातेल्यातली पत्ती कोणती, हे कुणी विचारले नाही. त्याच वर्षी १ एप्रिलपासून उत्तर भारतातल्या चहा कारखान्यांना सगळी डस्ट सार्वजनिक लिलावातच विकणे सक्तीचे झाले. ठेल्यावरच्या कपाशी थेट संबंध असलेली ही बातमी होती, पण तिला कोण विचारतो.)

कॉफीचे गणित नेमके उलटे आहे, आणि आजचा माझा मुद्दा तोच आहे. कॉफीचे लाल फळ तोडल्यावर साल काढून, चिकट गर धुऊन बी उन्हात दहा-बारा टक्के ओलाव्यापर्यंत सुकवली, की ती कच्ची बी महिनोन्‌महिने टिकते. पोत्यात भरा, रेल्वेने पाठवा, गोदामात ठेवा. नाशिवंत होते ते भाजल्यानंतर. भाजलेल्या बीचा सुवास काही आठवड्यांत उतरतो, दळलेल्या पुडीचा तर काही दिवसांत. म्हणजे कॉफीची भट्टी मळ्याजवळ नसली तरी चालते, पिणाऱ्याजवळ मात्र हवी. माटुंग्याच्या मैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानात गिऱ्हाईक उभे असताना पूड दळून मिळते, त्यामागे हाच हिशेब आहे. चहा बर्डीत बनू शकत नाही, कॉफी बनू शकते. आणि आपण करतो काय? चहाची मिश्रणे दहा प्रकारची, कॉफीची मात्र बाहेरून आलेली बंद पाकिटे.

बरे, कॉफी काही आपल्याला परकी नाही. अमरावती जिल्ह्यात मेळघाटात, सुमारे ११०० मीटर उंचीवर चिखलदरा आहे. महाराष्ट्रात कॉफीची लागवड म्हटली की याच गावाचे नाव निघते. इंग्रजांच्या काळापासून तिथे ही झाडे आहेत. शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी हे घोकले, आणि परीक्षेनंतर विसरलो. बर्डीतल्या पाच दुकानांत मी गेल्या महिन्यात चिखलदऱ्याच्या नावाचे पाकीट मागितले. चौघांनी नाही म्हटले. पाचव्याने विचारले, ‘तिथं कॉफी होते का?’

चिखलदऱ्याची लागवड थोडी आहे, आणि ती फार वाढेल अशी आशा मी दाखवणार नाही. कर्नाटकातल्या मळेवाल्यांना मार्च-एप्रिलमध्ये फुलोऱ्याचा पाऊस हवा असतो; आपल्याकडे त्या महिन्यांत आभाळाचा भरवसा कुठला? शिवाय १९७३-७४ पासून मेळघाट हा व्याघ्रप्रकल्प आहे, डोंगर उघडे करून मळे लावण्याचा प्रश्न येत नाही आणि येऊही नये. थोड्या मालाला मोठा कारखाना परवडत नाही हेही खरे. पण थोड्या मालाला मोठा कारखाना लागतो कुठे? पाच-दहा किलोची भट्टी आणि एक चक्की, एवढे भांडवल बर्डीतल्या कित्येक दुकानांच्या नुसत्या रोषणाईत जात असेल. चिखलदऱ्याची बी वर्षभर पुरणार नाही. उरलेल्या महिन्यांत चिकमगळूरची, कोडगूची आणा. दिल्ली-चेन्नई मार्ग आपल्या स्टेशनातूनच जातो.

‘पण नागपूरकर कॉफी पितो कुठे?’ हे उत्तर मला ठरलेले मिळते. सदरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये एखाद्या सकाळी बसून बघा. कॉफी हाउसची ही कल्पनाच सरकारी प्रचाराची होती: कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले दुकान काढले, लोकांना चव लागावी म्हणून. पन्नासच्या दशकात कॉफी मंडळाने ही दुकाने बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून दुकाने स्वतः चालवली. चव लावावी लागते. चहाचीही आपल्या आजोबांना लावलीच होती, स्टेशनांवर फुकट कप वाटून.

आता पाकिटाबद्दल. मध्यंतरी एका दुकानातून, नाव घेत नाही, मी ‘फिल्टर कॉफी’ म्हणून अर्धा किलो पूड आणली. घरी डिकॉक्शन काळेभोर उतरले. मी खूश, बायको गप्प. तिने पाकीट उलटे करून दाखवले: कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. यात बेकायदा काही नाही. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी आणि प्रमाण पाकिटावर छापावे, एवढेच नियम सांगतो. चिकोरी हे भाजलेले मूळ. रंग आणि दाटपणा देते, कॅफिन तिच्यात नसते. दाक्षिणात्य घरांत वीस-तीस टक्के आवडीने घालतात, तेही ठीक. पण कॉफीच्या भावात निम्मे मूळ विकत घेताना माणसाला ते ठाऊक असावे. दुकानात बी डोळ्यांसमोर भाजली-दळली, की हा प्रश्नच मिटतो. झटपट कॉफीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे बरण्या आणखी खपतील. भाजलेल्या बीवर तो आधीपासूनच ५ टक्के होता. तरी कुणी भट्टी लावली नाही.

तेव्हा बर्डीच्या व्यापाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की यंदाच्या हिवाळ्यात तोडा संपला की कुणीतरी एक पोते आणून बघा. तोवर वाचकांपैकी जे चिखलदऱ्याला जातील त्यांनी पूड घेऊ नये, कच्ची बी मिळते का ते विचारावे. जाड लोखंडी कढई, मध्यम आच, सतत हलवत राहायचे. बारा-पंधरा मिनिटांत बी तडतडते आणि तपकिरी होते. खिडक्या उघड्या ठेवा, धूर फार होतो.