तळाचा आकडा कुणासाठी?

मागच्या उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी साताऱ्यात होतो. एका कार्यालयाचं अर्ज शोधायचं वेब अ‍ॅप्लिकेशन होतं, त्यात किरकोळ बदल करायचं काम आमच्याकडे. पानाच्या तळाशी मी हौसेनं एक ओळ टाकली : ‘एकूण नोंदी इतक्या, पान १ पैकी इतकी.’ माझ्या लॅपटॉपवर दोनशे नोंदी होत्या, पान चुटकीसरशी यायचं. तिथल्या टेबलात मात्र तीस लाखांच्या वर. पान उघडायला अर्धा मिनिट लागायला लागलं आणि खिडकीबाहेर रांग वाढली. कोरेगावहून एस.टी.नं आलेले एक आजोबा काचेतून डोकावून म्हणाले, “काय रं बाळा, मशीन झोपलं का काय?”

सर्व्हर स्लो आहे, असं सांगून मी मोकळा झालो. रात्री तपासलं तर समोरच्या पन्नास नोंदी लगेच येत होत्या. वेळ खात होती ती माझीच तळाची ओळ!

मित्रहो, आपल्याला वाटतं की टेबलात किती रो आहेत हे डेटाबेसला तोंडपाठ असणार. जुन्या माय-एसक्यूएलच्या मायआयसॅम प्रकारात ते खरंही होतं. एकूण आकडा तो जपून ठेवायचा. पण पोस्टग्रेस आणि इनोडीबीमध्ये एकाच वेळी अनेकांचे व्यवहार चालू असतात. माझा अर्धवट इन्सर्ट तुम्हाला दिसता कामा नये. त्यामुळे ‘एकूण किती?’ याचं उत्तर विचारणाऱ्यागणिक वेगळं असू शकतं. म्हणून ते दरवेळी मोजतात, पहिल्यापासून. २०१२ साली पोस्टग्रेस ९.२ मध्ये नुसत्या इंडेक्सवरून मोजायची सोय आली, तरी तो इंडेक्स पूर्ण चालून जावाच लागतो.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘रॅम वाढवा’. माझं मत वेगळं आहे. मोजणी जलद करण्याआधी विचारा, हा आकडा कुणाला हवाय? आणि किती अचूक हवाय?

बहुतेक पानांवर तो कुणालाच नको असतो. वापरणाऱ्याला फक्त पुढे पान आहे का, एवढंच कळायला हवं. त्यासाठी पन्नास दाखवायच्या असतील तर एक्कावन्न मागा. एक्कावन्नावी आली की ‘पुढचं पान’ हे बटण दाखवा, झालं.

अंदाज चालणार असेल, तर पोस्टग्रेसच्या पीजी_क्लास तक्त्यात रेलटपल्स नावाचा रकाना आहे. अ‍ॅनालाइझ किंवा व्हॅक्यूम झाल्यावर तो ताजा होतो आणि वाचायला क्षणही लागत नाही. फक्त समोर ‘सुमारे’ लिहायला लाजू नका. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ असं आपण लिहितो, तेव्हा ‘२०११ ची जनगणना’ असंही लिहितोच की!

आणि अचूकच हवा असेल, तर सांगलीकरांना शिकवायची गरज नाही. हरिपूरला जमिनीतल्या पेवांत हळद साठवायचे. आत किती आहे हे बघायला कुणी रोज पेव उकरत नव्हतं; हिशेब वहीत. रोजकीर्दीचं पान भरलं की व्यापारी बेरीज मारतो आणि नव्या पानावर ‘मागील पानावरून पुढे’ लिहितो. पाडव्यापासून पुन्हा मोजत बसत नाही. आपणही एक छोटं बेरजेचं टेबल ठेवून ट्रिगरनं ते अद्ययावत करू शकतो. मात्र एकाच रोमध्ये बेरीज ठेवली तर सगळे इन्सर्ट त्या रोपुढे रांग लावतात. त्यापेक्षा प्रत्येकानं आपली अधिक एक, उणे एक अशी ओळ टाकावी आणि रात्री त्यांची एकच ओळ करावी.

वहीवर आंधळा विश्वासही नको. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, ते वहीला काय कळणार? ट्रिगर बंद ठेवून कुणी डेटा भरला की तुमच्या बेरजेचंही तेच होतं. म्हणून आठवड्यातून एकदा, रात्री, गर्दी नसताना, खरी मोजणी करून ताळा घ्या. आणि जिथे कुणाचा पैसा, मत किंवा अ‍ॅडमिशन त्या आकड्यावर अवलंबून आहे, तिथे अर्धा मिनिट लागला तरी चालेल, पण पूर्ण मोजा.

मी ती ओळ काढून टाकली. ती कुठे गेली, असं एकानंही विचारलं नाही.

सरांना एक विनंती. प्रोजेक्टच्या डेमोत वीस नोंदींवर आमचं कौतुक करू नका. दहा लाख खोट्या नोंदी भरायला लावा आणि मग पान उघडा. आमची फजिती लॅबमध्ये झालेली बरी. नाहीतर तिकडे कुणीतरी आजोबा शेवटच्या एस.टी.कडे डोळे लावून रांगेत उभे राहतात.