नाच चालतो, आजी चालत नाही

गेल्या हिवाळ्यात आमच्या शहरातल्या एका संस्थेकडे फिलिपिन्सहून सात कार्यकर्त्या आल्या होत्या. चार दिवस वस्त्यांमधून फिरल्या, बचत गटांच्या बैठकांना बसल्या आणि शेवटच्या दिवशी ‘फिलिपिनो वारसा संध्या’ ठरली. संयोजनात मीही होते. बांबूंमधला टिनिकलिंग नाच, फुलपाखराच्या पंखांसारख्या बाह्यांचा पोशाख, नाताळचे पारोल कंदील, केळ्याचे केचप, सगळे यादीत होते. मी वीस मिनिटे मागितली, तिथल्या लोलांविषयी बोलायला. लोला म्हणजे आजी. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ज्या बायकांना लैंगिक गुलाम केले, त्यांना तिथली चळवळ याच नावाने हाक मारते. संस्थेतल्या वरिष्ठ बाईंनी यादी माझ्या हातात परत दिली. म्हणाल्या, “अगं, वारसा हा आनंदाचा विषय. पाहुण्यांना कशाला अवघडायला लावतेस?” आणि मी गप्प बसले. हे आधी कबूल करते, कारण पुढे मी दुसऱ्यांना सुनावणार आहे.

कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी पाहुण्यांपैकी एकीने मला बाजूला घेतले. मी तिला ताई म्हणत होते. ती हसून म्हणाली, आमच्याकडे मोठ्या बहिणीला ‘आते’ म्हणतात. मग आतेने मोबाईलवर एक फोटो दाखवला. समुद्राकाठचा फूटपाथ, मागे माडाची झाडे. फोटोत कोणीच नव्हते. मी विचारले, यात बघायचे काय? ती म्हणाली, “इथे ती उभी होती. कोणी पाहुणे आले की मी त्यांना इथे घेऊन जाते आणि सांगते, हा आमचा वारसा.”

ती कोण, हे मैत्रिणींनो, आपल्याला माहीत असायला हवे. मनिलाच्या रोहास बुलेव्हार्डवर, मनिला उपसागराच्या काठी, ८ डिसेंबर २०१७ रोजी एका बाईचा पुतळा उभा राहिला. शिल्पकार होनास रोसेस. डोळ्यांवर पट्टी, हात छातीशी, अंगावर पारंपरिक फिलिपिनो पोशाख. तसल्याच पोशाखावर आम्ही त्या संध्याकाळी टाळ्या वाजवल्या. चौथऱ्यावर पाटी होती ती फिलिपिन्सच्या राष्ट्रीय इतिहास आयोगाची, म्हणजे खुद्द सरकारची. जपानने तत्काळ नाराजी कळवली. २७ एप्रिल २०१८ च्या रात्री सार्वजनिक बांधकाम खात्याची माणसे आली आणि पुतळा उचलून घेऊन गेली. कारण काय, तर सांडपाण्याच्या निचऱ्याचे काम. त्यानंतर अध्यक्ष दुतेर्ते यांनी बोलून दाखवले की दुसऱ्या राष्ट्राला दुखावणे हे आपले धोरण नाही, पुतळा कोणाच्या खाजगी जागेत बसवावा. म्हणजे निचरा कशाचा करायचा होता ते त्यांनीच सांगितले. पुढे २०१९ साली एका चर्चच्या आवारात तो बसवायचे ठरले, तर शिल्पकाराकडून कळले की पुतळा जागेवर नाही. दोन मीटर उंचीची ब्राँझची बाई नाहीशी झाली! डिसेंबर २०१८ मध्ये लागुना प्रांतातल्या सान पेद्रो गावी दुसरा एक पुतळा बसला होता, तो तर दोनच दिवसांत हलवण्यात आला. आणि मनिलाच्या त्याच समुद्रकाठावर २०२० साली सरकारने कोट्यवधी पेसो खर्चून डोलोमाइटची पांढरी वाळू पसरली, लोकांना फिरायला सुंदर दिसावे म्हणून.

“खाजगी जागेत बसवा” हे वाक्य आपल्या ओळखीचे नाही का? नवऱ्याने मारले, तो घरचा मामला. सासऱ्याने हात धरला, घराची अब्रू जाईल. बाईवर झालेला अत्याचार खाजगी आणि पुरुषाने दाखवलेले शौर्य सार्वजनिक, ही वाटणी मनिलापासून मराठवाड्यापर्यंत सारखीच आहे.

कोणी म्हणेल, तिथे युद्धातल्या बायकांची स्मारके नाहीत असे थोडेच आहे? बरोबर. इंत्रामुरोसच्या जुन्या तटबंदीत ‘मेमोरारे’ आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले, त्यांचे ते स्मारक, १९९५ साली उभारलेले. मधोमध एक आई आहे, मेलेल्या बाळाला घेऊन रडणारी. ते शिल्प कोणी हलवायला गेले नाही, जाऊही नये. पण फरक लक्षात घ्या. मुलासाठी रडणारी आई सगळ्या राष्ट्रांना चालते. स्वतःवर झालेल्या बलात्काराचा हिशेब मागणारी बाई परराष्ट्र धोरणाला अडचणीची होते.

सुट्ट्यांचे तसेच. फिलिपिन्समध्ये माणसांच्या नावाने राष्ट्रीय सुट्ट्या आहेत त्या बोनिफासिओ, रिसाल आणि निनॉय अकिनो यांच्या. बाईच्या नावाने एकच, ८ डिसेंबरची, निष्कलंक मेरीची. ती सुट्टी कायद्याने दिली गेली डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे लोलांचा पुतळा बसला त्याच महिन्यात! (८ डिसेंबर १९४१ ला जपानने फिलिपिन्सवर हल्ला केला होता, हेही ध्यानात असू द्या.) मेरीवर श्रद्धा असणाऱ्या लाखो बायांशी माझे भांडण नाही, लोलांपैकी कित्येकजणी हातात जपमाळ घेऊनच निदर्शनांना उभ्या राहिल्या. माझे भांडण ज्या राज्यकर्त्यांना निष्कलंक बाई तेवढी राष्ट्रीय वाटते त्यांच्याशी आहे. ८ मार्च १९९० च्या कायद्याने तिथे राष्ट्रीय महिला दिन झाला खरा, पण ‘कामाचा दिवस’ म्हणून. वसाहतीविरुद्ध लढून १७६३ साली विगानमध्ये फाशी गेलेल्या गाब्रिएला सिलांगच्या नावाने १९८४ मध्ये देशभरातल्या बायकांची संघटना उभी राहिली, पण सरकारी सुट्टी नाही. १९८६ साली मार्कोसची हुकूमशाही ज्या दिवशी कोसळली तो २५ फेब्रुवारी, ज्याच्या आधी एड्साच्या रस्त्यावर रणगाड्यांपुढे नन्स गुडघे टेकून बसल्या होत्या, तो दिवस मार्कोसच्या मुलाच्या राज्यात २०२४ च्या सुट्ट्यांच्या यादीतूनच गळला. तेव्हा सांगितले गेले, यंदा रविवार येतो. २०२५ मध्ये रविवार नव्हता, तरीही तो ‘कामाचा विशेष दिवस’च राहिला.

आता आपल्याच एका मैत्रिणीचा आक्षेप घेते. ती वस्तीत दिवसरात्र राबते, तिच्याविषयी मला आदर आहे. ती म्हणते, पुतळे आणि दिवस हे पुरुषी राजकारणाचे खेळ, आपण जिवंत बाईचे बघावे. त्या पैशात लोलांचे औषधपाणी झाले असते. आपल्या राज्यात चौकाचौकात जे चालते ते पाहता तिचा वैताग मला समजतो. पण लोलांच्या बाबतीत ती चुकते आहे. मारिया रोसा हेन्सन यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये, पन्नास वर्षांच्या मौनानंतर, तोंड उघडले. फिलिपिन्समधल्या त्या पहिल्या. १९४३ मध्ये त्या पंधरा वर्षांच्या होत्या आणि नऊ महिने सैनिकांच्या ताब्यात होत्या. त्यांच्यामागून शेकडोजणी पुढे आल्या. त्यांनी पैसा मागितलाच, पण आधी मागितले ते हे की झाले ते झाले असे जाहीर मान्य करा. कारण औषधाचे पैसेसुद्धा त्या मान्यतेच्या वाटेनेच येतात. माजी सैनिकांना फिलिपिन्स सरकार पेन्शन देते, सन्मान देते, त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय आहे. लोलांना यातले काही नाही. सैनिक राष्ट्रीय स्मृतीत आहे म्हणून तो पेन्शनच्या यादीत आहे. लोला स्मृतीतच नाही, तर यादीत कुठून येणार?

हे मी पदरचे सांगत नाही. पाम्पांगा प्रांतात मापानिके नावाचे गाव आहे. २३ नोव्हेंबर १९४४ ला जपानी सैन्याने ते लुटले, पुरुष मारले आणि बायका-मुलींना बुलाकानमधल्या एका मोठ्या लाल घरात, बाहाय ना पुला, नेऊन बलात्कार केले. त्यातून वाचलेल्यांनी ‘मलाया लोलास’ संघटना केली. २०१० मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला, परराष्ट्र व्यवहार हा सरकारचा अधिकार आहे म्हणून. तेव्हा चोवीस जणी संयुक्त राष्ट्रांच्या सीडॉ समितीकडे गेल्या. मार्च २०२३ मध्ये समितीने निर्णय दिला की सैनिकांना सवलती आणि या बायकांना काहीच नाही, हा भेदभाव आहे. भरपाई द्या, माफी मागा, आणि लाल घराची जागा स्मारक म्हणून जपा किंवा दुसरी जागा द्या, असे समितीने सांगितले. म्हणजे जागेची मागणी भरपाईच्या सोबतच मांडली गेली आहे. ते लाल घर खाजगी मालकीचे आहे, त्याचे लाकूड काढून नेले गेले आणि मागे सांगाडा राहिला.

आणि आपण? अंदमानला महाराष्ट्रातून दरवर्षी किती सहली जातात! सेल्युलर जेल पाहून डोळे पुसत येतात. त्याच पोर्ट ब्लेअरमध्ये, आताच्या श्री विजयपुरममध्ये, १९४२ ते ४५ जपानी कब्जा होता आणि तिथेही सैन्याने बाहेरून आणलेल्या बायका अशाच कोंडून ठेवल्या होत्या. कोठडी दाखवणाऱ्या किती मार्गदर्शकांनी आपल्याला त्या बायकांविषयी सांगितले? आपण तरी कधी विचारले?

त्या संध्याकाळी केळ्याचे केचप सगळ्यांना आवडले, बाटल्या संपल्या. ते बनवणारी मारिया ओरोसा, अन्नशास्त्रज्ञ. जपानी छावण्यांतल्या उपाशी कैद्यांपर्यंत तिने पौष्टिक पीठ चोरून पोचवले आणि मनिलाच्या लढाईत, फेब्रुवारी १९४५ मध्ये, ती मारली गेली. केचप यादीत होते, ती नव्हती. मलाही हे आतेनेच सांगितले, कपबश्या आवरताना.

१४ ऑगस्ट हा लोलांचा आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांचा दिवस. कोरियाच्या किम हाक-सून यांनी १९९१ मध्ये त्या तारखेला पहिली जाहीर साक्ष दिली. यंदा आमच्या गटाने संस्थेचे सभागृह मागितलेले नाही. बाजारातल्या चौकात, पिंपळाच्या पारावर, संध्याकाळी पाच ते सात, अशी परवानगी मागितली आहे. अर्ज घेणाऱ्याने विचारले, विषय काय? मी लिहिले, ‘फिलिपिनो वारसा’. जवळपासच्या गटांनी सतरंज्या घेऊन यावे.