खरजेवरील अर्धी धुलाई

थंडीच्या दिवसांत गुरांस खरूज लागली असता आपले शेतकरी बांधव औषध आणीत नाहीत, असे आता म्हणता येणार नाही. औषध येते, परंतु ते लावण्याची जी रीत गावोगाव पडली आहे, तीत पैसा व जनावर दोन्ही खराब होतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरजेचा किडा डोळ्यांस दिसत नाही. मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. ती तीन-चार दिवसांत फुटतात व दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. अमिट्राझसारख्या औषधाने किडे मरतात, अंडी बहुधा वाचतात. सबब आठ-दहा दिवसांनी दुसरी धुलाई न केल्यास पहिली व्यर्थ होय. हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. कार्तिकात आमच्या एका म्हशीस खाज सुटली. तेवढीच धुतली, खपल्या गळाल्या, आणि उरलेली बाटली फळीवर ठेवून दिली. पौषात तिन्ही जनावरे खांबास अंग घाशीत होती व दुधाचे माप निम्म्यावर आले. उभी हयात जमाबंदीचे आकडे लिहिण्यात घालविलेल्या मनुष्याने औषध मात्र टोपणाने अजमासे घ्यावे, याची आम्हांस अद्याप लाज वाटते.

ऑस्ट्रेलियात व दक्षिण आफ्रिकेत गोचिडांसाठी गुरे औषधाच्या हौदातून पोहवीत नेण्याची चाल पडली. आरंभी त्यात सोमल असे. तसल्या हौदास दहा-पंधरा हजार लिटर पाणी लागते, आणि शेणमातीने औषधाचा जोर उतरतो म्हणून तो वरचेवर तपासावा लागतो. दोन बैल व एक म्हैस बाळगणाऱ्याने त्याचा हेवा करू नये. फवारणीचा पंप व बादली पुरे. मात्र खपल्या साबणाने भिजवून काढाव्या, कान व शेपटीचे मूळ सुटू देऊ नये, आणि गोठ्यातील सर्व जनावरे एकाच दिवशी धुवावी. प्रमाण व दुधाची मुदत बाटलीवर लिहिलेली असते, ती पाळावी. घोड्यास अमिट्राझ लावू नये. उरलेले पाणी ओढ्यात ओतू नये, मासे मरतात. जळके तेल फासणे सोडावे. बी. एच. सी.ची भुकटी तर १९९७ सालीच आपल्या देशात बंद झाली.

शेजाऱ्याचा गोठा राहिला तर आपले श्रम वाया जातात. म्हणून संस्थेने गावातील सर्व गोठ्यांस मार्गशीर्षात एक दिवस नेमून द्यावा व दहाव्या दिवशी पुन्हा दुसरा. आमच्या आळीत ज्यांस पंप नाही त्यांनी आमचा न्यावा. औषध मोजण्याचे काचेचे मापही आता घरात आहे.