कायदा मंत्रालयात, फसवणूक गावागावांत : सायबर न्याय जिल्ह्यात आणा!



फोन येतो. समोरचा स्वतःला पोलीस म्हणवतो, कधी बँकेचा अधिकारी, कधी कुरिअरवाला. तासाभरात निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी, शेतकऱ्याचे उसाचे बिल, लग्नासाठी मोडलेली मुदत ठेव खात्यातून निघून जाते. तो माणूस जवळच्या ठाण्यात धावतो. उत्तर मिळते, “सायबरला जा.” सायबर ठाणे जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे पोहोचेपर्यंत पैसे भाड्याने घेतलेल्या पाच-दहा खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडलेले असतात.

देशात कायदा नाही म्हणून हे घडते का? मुळीच नाही. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा विषाणू मनिलामधून जगभर पसरला. संशयित सापडला, पण फिलिपिन्समध्ये तेव्हा असा गुन्हाच कायद्यात नव्हता, म्हणून खटला उभा राहिला नाही. आपली स्थिती तशी नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून आपल्याकडे लागू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ साली ई-व्यापाराचा जो नमुना कायदा तयार केला, त्याच्या आधारावर तो उभा आहे. कायदा लिहायला जगाने मदत केली. तो राबवण्याची जबाबदारी मात्र दिल्लीची आणि मुंबईची होती, आणि ती अर्धवट सोडून दिली गेली. हा आमचा जाहीर आरोप आहे.

पहिला आरोप : तपासाला माणसेच दिली नाहीत

या कायद्याचे कलम ७८ सांगते की तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करावा. तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक किती असतात? बंदोबस्त, उत्सव, मंत्र्यांचे दौरे, खून आणि दरोडे, सगळे त्यांच्याच अंगावर. शेजारच्या टेबलावर संगणकाची पदवी घेतलेला तरुण उपनिरीक्षक बसलेला असतो, पण कलम त्याचे हात बांधते.

सरकार म्हणेल, अधिकाराचा गैरवापर होऊ नये म्हणून ही अट आहे. मग पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या साध्या मजकुरासाठी तिथल्या दोन तरुणींना अटक झाली. त्या प्रकरणात ज्यांना निलंबित करावे लागले ते वरिष्ठ अधिकारीच होते. ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे याच कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तरीही पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले, आणि २०२१ मध्ये न्यायालयाला त्यावर तीव्र आश्चर्य व्यक्त करावे लागले. खांद्यावरच्या ताऱ्यांनी नागरिकाचे रक्षण झाले नाही. ते होते प्रशिक्षणाने आणि न्यायालयाच्या देखरेखीने. म्हणून आम्ही पोलिसांसाठी आणखी कठोर कलमे मागत नाही. असलेली कलमे समजणारी माणसे मागतो.

मनावर घेतले तर तपास होतो, हे पुण्याने दाखवले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. विशेष पथक नेमले गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. बँकेसाठी पथक नेमता येते, तर विधवेच्या चार लाखांसाठी एक प्रशिक्षित उपनिरीक्षक का देता येत नाही?

दुसरा आरोप : भरपाईचा दरवाजा लपवून ठेवला

गुन्हेगार सापडला नाही तरी भरपाई मागता येते, हे किती जणांना माहीत आहे? कलम ४६ खाली न्यायनिर्णय अधिकारी पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकू शकतो. हा अधिकार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे आहे. २०१३ साली याच व्यवस्थेने पुण्याच्या एका व्यवसायाला बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. ग्राहक फसव्या ईमेलला बळी पडला होता, तरीही बँकेची सुरक्षा ढिली होती हे ग्राह्य धरले गेले.

पण सचिव बसतात मुंबईत, मंत्रालयात, आणि कलम ६१ अशा दाव्यांसाठी दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद करते. गडचिरोलीच्या माणसाने दोन लाखांसाठी मुंबईच्या किती फेऱ्या माराव्यात? वरचे अपील ऐकणारे सायबर अपील न्यायाधिकरण तर २०११ पासून अध्यक्षाविना पडून होते. अखेर २०१७ मध्ये ते दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन केले गेले. सहा वर्षे अपिलांना न्यायाधीश नव्हता, आणि त्याच काळात जनतेला ‘डिजिटल व्हा’ असा उपदेश सुरू होता!

तिसरा आरोप : पुरावा कोर्टात टिकत नाही

जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून आणायची तर प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात या प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे. नियम योग्य आहे, कारण स्क्रीनशॉट कोणीही बनवू शकतो. पण जिल्ह्यात तज्ज्ञ कुठे आहे? कागदाअभावी आरोपी सुटतो आणि खापर फुटते फिर्यादीच्या कपाळावर.

बाहेरच्यांनीही मदत करावी

ईमेल, मेसेजिंग आणि समाजमाध्यमांच्या बहुतेक बड्या कंपन्या अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडची माहिती पुराव्यासाठी मागायची तर २००५ पासून लागू असलेल्या परस्पर साहाय्य कराराखाली ठाणे, न्यायालय, गृह मंत्रालय आणि तिथले न्याय खाते असा प्रवास करावा लागतो. तोवर नोंदी पुसल्या जातात. श्रीमंत देशांना खरोखर मदत करायची असेल तर परिषदा आणि स्मरणचिन्हे पुरेत. न्यायालयाच्या आदेशाने आलेल्या विनंतीला वेळेत उत्तर द्या आणि तोवर नोंदी जपून ठेवा.

आमच्या मागण्या

१. कलम ७८ दुरुस्त करा. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उपनिरीक्षकांना तपासाचा अधिकार द्या.

२. कलम ४६ खालची सुनावणी प्रत्येक जिल्ह्यात आणि मराठीत घ्या.

३. प्रत्येक जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक पुरावा प्रमाणित करणारा तज्ज्ञ नेमा.

४. गोठवलेली रक्कम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली लोकअदालतीतून तातडीने परत करा.

५. गोठवायची ती वादातली रक्कमच. अनोळखी गिऱ्हाईकाने शंभर रुपये पाठवले म्हणून भाजीवाल्याचे अख्खे खाते बंद करू नका.

६. ठाण्याची हद्द सांगून तक्रारदाराला परत पाठवणाऱ्यावर कारवाई करा. संहितेच्या कलम १७३ ने हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवणे बंधनकारक केले आहे.

तुम्ही काय कराल?

फसवणूक लक्षात येताच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. घरच्यांपुढे लाज वाटते म्हणून रात्र घालवू नका, कारण पैसे अडवण्याची शक्यता पहिल्या तासात सर्वाधिक असते. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा तिसऱ्याच्या घुसखोरीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर बोजा नाही, असे रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक सांगते. ऑनलाइन खरेदीत फसलात तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते.

आणि एवढ्यावर थांबू नका. या सहा मागण्यांचा ठराव ग्रामसभेत मांडा, सोसायटीच्या बैठकीत मांडा. आमदार मते मागायला आले की त्यांच्या हाती हे पत्रक द्या आणि विचारा : कलम ७८ वर दिल्लीला पत्र कधी लिहिणार? जिल्ह्यात सुनावणी कधी सुरू करणार? उत्तर तारखेसह मागा. तारीख मिळेपर्यंत प्रश्न सोडू नका.

कायदा आमच्या नावाने केला आहे, तो आमच्या जिल्ह्यात चालला पाहिजे!

— फसवणूकग्रस्त आणि जागरूक नागरिकांच्या वतीने

(वाचा, वाचून दाखवा, पुढे द्या.)