मुक्कामांचा तक्ता

मराठी प्रवासवर्णन पैशाविषयी फारसे बोलत नाही. बोललेच तर विनोदापुरते. कॉफीच्या कपाची किंमत रुपयांत करून लेखक दचकतो, आपण हसतो, आणि पुढच्या परिच्छेदात तो एखाद्या चर्चच्या रंगीत काचांखाली उभा असतो. तिथवर तो किती रुपयांत पोचला, ते रुपये कोणाचे होते, परतल्यावर घरात कशाला कात्री लागली, हे पुस्तक मिटले तरी कळत नाही. वाचक म्हणून आम्हांला ही उणीव कधी जाणवली नव्हती. गेल्या गणपतीनंतर मालवणच्या धक्क्यावर बसून आम्ही दोघा मित्रांनी ठरवले की येत्या मे महिन्यात पाठीवर एकेक सॅक टाकून एकवीस दिवस युरोप हिंडायचा, आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसलो, तेव्हा ती जाणवली.

आम्ही दोघेही साहित्य शिकवतो. त्यामुळे पहिली चूक अपेक्षेप्रमाणेच झाली: नकाशाऐवजी आम्ही पुस्तकांचे कपाट उघडले. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०), मीना प्रभूंचे 'माझं लंडन'. 'अपूर्वाई'त निघण्यापूर्वीच्या तयारीची धमाल आहे आणि ती कितव्यांदा वाचली तरी तिची लज्जत उणावत नाही. पण पु. ल. गेले होते ते दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी. जावे की न जावे, किती दिवस आणि कोणाच्या भरवशावर, हे प्रश्न पुस्तक सुरू होण्याआधीच बऱ्याच अंशी सुटलेले होते. मीना प्रभू तर लंडनच्याच रहिवासी होत्या. यात त्या लेखकांचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात स्वतःच्या खिशातून, निव्वळ हौसेखातर विलायतेला जाणे सामान्य माणसाला शक्यच नव्हते. शिष्यवृत्ती, निमंत्रण किंवा नोकरी यांपैकी काहीतरी लागे. दरवर्षी ठरावीक मर्यादेपर्यंत परकीय चलन बाहेर नेण्याची मोकळीक साध्या नागरिकाला मिळाली ती २००४ साली. मराठी प्रवासवर्णनाचे तंत्र त्याच्या कितीतरी आधी घट्ट झाले होते: यजमान गृहीत, खर्च अदृश्य, आणि नजर तेवढी मोकळी. परिस्थिती पालटली, तंत्र तसेच राहिले.

येथे एक तुलना मनात येते. १९५७ साली आर्थर फ्रॉमर या अमेरिकन लेखकाने एक पुस्तक काढले. त्याच्या नावातच हिशेब होता: रोजच्या पाच डॉलरांत युरोप. राहणे आणि तीन वेळचे जेवण या पाच डॉलरांत बसवायचे, ही प्रतिज्ञा. ते मार्गदर्शक पुस्तक होते, साहित्य नव्हे, हे मान्य. पण आकडा शीर्षकात आल्याबरोबर वाचक आणि लेखक यांच्यातला एक पडदा गळून पडतो. आमच्या शीर्षकांत धुके आहे, रंग आहेत, नवलाई आहे, आकडा नाही. आमच्यातल्या एकाच्या आईने बेत ऐकल्याबरोबर जो प्रश्न विचारला, 'पैशे खंयसून येतले?', तो मराठी प्रवासवर्णनाला गेल्या शतकात विचारलेल्या समीक्षकीय प्रश्नांपैकी सर्वांत मर्मभेदी आहे असे आम्ही आता मानतो.

पण मराठीला हिशेब लिहिता येत नाही असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' कोणीही पुन्हा उघडून पाहावा. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर उत्तरेस निघतो तो सृष्टिसौंदर्यासाठी नव्हे. घरी कर्ज आहे. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, हे निघण्याचे कारण. दोघेच सोबती, पायी वाट, उतरायला जागा मिळेल ती. पुढे बंडाचा वणवा, झाशीचा वेढा, लूटमार हे सारे या द्रव्याच्या शोधात वाटेत भेटले. कोठे काय मिळाले आणि कोठे काय गेले हे गोडसे भटजी सांगतात, आणि म्हणूनच झाशीची ती भयानक वर्णने आपल्याला खरी वाटतात. ज्याने कनवटीच्या पैशांबद्दल खोटे सांगितले नाही तो प्रेतांबद्दलही सांगणार नाही, असा विश्वास बसतो. लिहिल्यावर पुष्कळ वर्षांनी, १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांनी ते पुस्तक छापले. कमी खर्चाच्या, दोघांनी मिळून केलेल्या प्रवासाचा मराठीतला आद्यग्रंथ तो. आमच्या अभ्यासक्रमात तो इतिहासाचे साधन म्हणून लावला जातो, प्रवासवर्णनाचा आदर्श म्हणून क्वचितच.

आता आमच्या तक्त्याकडे वळतो. शेंगेन व्हिसासाठी जी कागदपत्रे लागतात त्यांत एकवीस दिवसांचा दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो: कोणत्या रात्री कोणत्या गावी, कोणत्या छपराखाली, एका गावाहून दुसऱ्या गावी कसे जाणार, परतीचे तिकीट, किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचा उतारा, नोकरीच्या ठिकाणचे पत्र. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. फी नव्वद युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत नाही. म्हणजे प्रवास घडण्यापूर्वीच त्याचे संपूर्ण वर्णन लिहून द्यायचे, आणि ते इतके विश्वसनीय हवे की एका अपरिचित वाचकाने त्यावर शिक्का मारावा. मराठीत आज सर्वांत जास्त लिहिले जाणारे प्रवासवर्णन हेच असावे, फक्त ते इंग्रजीत लिहिले जाते आणि त्याला एकच वाचक असतो.

पाठीवर सॅक टाकून निघणे या कल्पनेचा गाभा मुळात असा की उद्या कोठे असू ते ठाऊक नसावे. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून जमिनीच्या वाटेने गोव्यापर्यंत पोचलेल्या तरुणांच्या कथा आम्ही ऐकत वाढलो. आज तारकर्लीला उतरणारा जर्मन पाहुणा ई-व्हिसा घरबसल्या काढतो. घरमालक त्याच्या मुक्कामाची माहिती भरून पाठवतो. मग त्याने दोन दिवस राहावे की दहा, ते समुद्र आणि सुरमई ठरवतात. आमची बेफिकिरी मात्र तक्त्यात बसवावी लागते. रोजचे साठ युरो असे आम्ही धरले: वसतिगृहातली खाट, दुकानातून आणलेला पाव आणि चीज, एखादे तिकीट. युरो शंभर रुपयांचा धरला तरी एकवीस दिवसांचे एक लाख सव्वीस हजार. त्यावर विमान, फी, विमा. माणशी दोन लाखांच्या आत बसवायचे म्हणजे दोन रात्री बसमध्ये काढाव्या लागतात, म्हणजे तेवढे खाटेचे भाडे वाचते. पण बसमधली रात्र 'मुक्काम' या रकान्यात काय म्हणून लिहायची, यावर आमचा एक अख्खा रविवार गेला.

कपाटाने आणखी एका बाबतीत दगा दिला. मराठी वाचकाचा युरोप लंडनला सुरू होतो, आणि शेंगेन व्हिसावर लंडन येत नाही, डब्लिनही नाही. एका फटक्यात डिकन्स गेला, जॉइस गेला. काफ्काचे प्राग आणि पेसोआचे लिस्बन राहिले. अभ्यासक्रम दूतावासाने नेमावा तसे झाले. उलट दोन ठिकाणे तक्त्यात आली ती आमच्या कोणत्याच पुस्तकात नव्हती. एक शेंगेन हेच गाव. लक्झेंबर्गमधले, मोझेल नदीकाठचे हे खेडे. १४ जून १९८५ रोजी सीमा उठवण्याचा करार झाला तो नदीत उभ्या असलेल्या बोटीवर. २०२०पासून त्या देशात सार्वजनिक वाहतूक सर्वांना फुकट आहे, म्हणून हिशेबातही ते बसले. दुसरे, जर्मनीतले आल्तेना. मुलांची सहल पावसात अडकली तेव्हा सुट्टीत रिकाम्या असलेल्या शाळांत मुलांना झोपू द्यावे असे रिशार्ड शिरमान या शाळामास्तराला सुचले, आणि १९१२ साली आल्तेनाच्या किल्ल्यात जगातले पहिले कायमचे युवा वसतिगृह उघडले. किल्ल्यात झोपणे यात सिंधुदुर्गाच्या तटाआत अजून बिऱ्हाडे पाहणाऱ्या मालवणकराला नवल वाटू नये. पण स्वस्त प्रवासाची ही सारी व्यवस्था एका मास्तराच्या डोक्यातून निघाली हे वाचून आम्ही दोघे मास्तर थोडे ताठ बसलो.

तक्त्यानंतर पत्र. तुम्ही परत का याल, हे त्यात सिद्ध करायचे असते. आम्ही जमिनीचे कागद जोडायचे ठरवले. कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. आमच्यातल्या एकाच्या उताऱ्यावर सहहिस्सेदारांची नावे मोजता मोजता पान उलटावे लागते; निम्मे मयत, काही मुंबईत, काहींचा पत्ताच नाही. पाच माड, एक फणस आणि पडीक चौथरा यांत आपला हिस्सा किती, हे तलाठ्यालाही सांगता येणार नाही. ज्या कागदाने माणूस मातीला सात पिढ्या बांधलेला आहे तोच कागद अधिकाऱ्यापुढे पुरावा म्हणून लुळा पडतो. आणि तेरेखोल नदीपलीकडचे उदाहरण डोळ्यांसमोर असते. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाची नोंद करून घेण्याची वाट पोर्तुगालच्या कायद्याने ठेवली. हजारोंनी ती धरली, भारताचे नागरिकत्व सोडून. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेला. त्या वेळी नदीच्या कोणत्या काठावर कोणाची चूल होती, यावर दोन शतकांनंतर कोणाला तक्ता लिहावा लागतो आणि कोणाला नाही हे ठरले. त्यांचा आम्हांला हेवा वाटतो असे नाही. आपले नागरिकत्व सोडण्याच्या कागदावर सही करणे ही किंमत कोणत्याच रकान्यात भरता येण्याजोगी नाही.

हे सारे येथवर गमतीने सांगता आले. पुढचे तितके सोपे नाही. आमच्यातला एक कायम प्राध्यापक आहे, दुसरा तासिका तत्त्वावर शिकवतो. कोण कोणता, हे सांगण्याचे कारण नाही. या लेखाचे वाचक बहुतांशी याच दोन वर्गांतले असल्याने ते आपापली जागा ओळखतील. दोघांनी तेवढेच तास उभे राहून तेच गोडसे भटजी शिकवले आहेत. पण एकाकडे दर महिन्याची पगारपत्रिका आहे, रजा मंजूर झाल्याचे व अमुक तारखेस रुजू होईल असे पत्र आहे. दुसऱ्याची नेमणूक सत्राबरोबर संपते. सुट्टीत मानधन नसते. जे असते तेही महिनोन्महिने रखडून एकदम जमा होते. त्यामुळे बँकेच्या उताऱ्यात आधी चार-पाच महिने कोरडे आणि मग एक मोठी रक्कम दिसते, आणि अर्जाच्या तोंडावर अशी एकदम जमा झालेली रक्कम संशयास्पद ठरते. प्रवासाला मोकळीक असते ती फक्त मे महिन्यात, आणि नेमका त्याच महिन्यात तो कागदोपत्री कोणाचाच नोकर नसतो. त्याला पत्र हवे होते. 'सध्या शिकवतात' इतके खरे लिहून मिळाले. 'परत रुजू होतील' असे लिहिता येत नाही असे सांगण्यात आले, आणि तेही खरेच आहे.

त्या संध्याकाळी आम्ही धक्क्यावर बराच वेळ काही बोललो नाही. मग सुचले ते असे: कायम असलेल्याने दुसऱ्याच्या खर्चाची हमी लिहून द्यावी. तसे करता येते. पण तसे केले की तक्ता बदलतो. दोन मित्रांचा प्रवास जाऊन एक यजमान आणि एक पाहुणा यांचा प्रवास होतो, आणि ज्या अदृश्य यजमानाबद्दल आम्ही वर इतके लिहिले तो आमच्याच दोघांमध्ये येऊन बसतो. आम्ही ते नाकारले. कोणी नाकारले, हेही येथे सांगत नाही.

प्रवासवर्णनात असा हिशेब आला तर ते रूक्ष होईल, असे आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. वाचक आल्प्स पाहायला येतो, बँकेचा उतारा पाहायला नव्हे. आदर राखून आमचे मत वेगळे आहे. आल्प्सची छायाचित्रे आता प्रत्येकाच्या हातातल्या फोनमध्ये आहेत. ती पाहण्यासाठी कोणाला लेखकाची गरज उरलेली नाही. मालवणहून तिथवर जाण्याच्या वाटेत कोणते कागद, कोणाचे शब्द आणि कोणाची चुप्पी आड येते, ते लिहिणारा मात्र अजून हवा आहे, आणि तो मराठीतच लिहिणार.

अर्ज दोन स्वतंत्र जातील. तक्ता एकच आहे. एकाला व्हिसा मिळाला आणि दुसऱ्याला नाही, तर काय, यासाठी आम्ही त्यात रकाना घातलेला नाही. पहिल्या ओळीत कुडाळहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीच्या दोन जागा आहेत. प्रागच्या आठ खाटांच्या खोलीत एक वरची आणि एक खालची खाट धरून ठेवली आहे. त्या एप्रिलअखेरपर्यंत पैसे न कापता रद्द करता येतात.